कमी आवाजाचा ॲम्प

गिटारचा ॲम्प घ्यायला बर्डीवरच्या कुठल्याही दुकानात जा, काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा दाखवू?" आणि इथेच सगळी गोची सुरू होते. बाइक घेताना टॉप स्पीड विचारायचा आणि मग ती जन्मभर मनीषनगरच्या गर्दीतून दुसऱ्या गिअरवर चालवायची, त्यातला हा प्रकार. बेशासारख्या ठिकाणी फ्लॅटमधे राहणाऱ्या, दिवसभर कोड लिहिणाऱ्या आणि रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर गिटार हातात घेणाऱ्या माणसाला वॉटशी काय देणंघेणं? त्याचा प्रश्न एवढाच की पोरगं झोपलेलं असताना, अगदी मंद आवाजात, स्वच्छ सूर कोणता ॲम्प धडपणे काढतो.

मंडळी, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. मोठ्याने वाजवणं सोपं आहे, हळू वाजवून गोड ऐकू येणं हे यंत्रासाठी अवघड काम आहे. का, ते सांगतो. थोडं गणित येईल, पण आपल्यापैकी निम्मे तरी मिहानला बस पकडणारे आहेत, तेव्हा चालून जावं.

आधी 'क्लीन' म्हणजे काय, कारण गिटार न वाजवणारेही इथे वाचतात. ॲम्पला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. रॉकवाल्यांना तो फाटलेलाच हवा असतो, आणि तो छानही लागतो, वाद नाही. क्लीन म्हणजे न फाटलेला. सहा तारांचा कॉर्ड छेडला तर सहाही तारा वेगवेगळ्या मोजता याव्यात. आरडींच्या वाद्यवृंदात भूपिंदर सिंग गिटार वाजवायचे, हे त्यांना फक्त गझलवाले म्हणून ओळखणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 'यादों की बारात' (१९७३) मधलं 'चुरा लिया' घ्या आणि त्यात गिटार काय करते ते ऐका. घरी बसून वाजवावीशी वाटणारी नव्वद टक्के गाणी या जातीची असतात. आणि क्लीन आवाजात लपायला जागा नसते. बोट अर्धवट दाबलं, तार घासली, सगळं चव्हाट्यावर! त्यामुळे ॲम्प घाण असेल तर आपलं वाजवणं घाण आहे की यंत्र, हेच कळत नाही, आणि नवशिका माणूस बिचारा स्वतःलाच दोष देत गिटार भिंतीला टांगतो.

आता गणित. प्रत्येक स्पीकरच्या कागदपत्रात एक आकडा असतो. त्याला १ वॉट वीज दिली तर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येईल, हे तो सांगतो. गिटारच्या मोठ्या स्पीकरसाठी तो बऱ्याचदा ९५ च्या वर असतो. आपण कंजुषी करून ९० धरू. वीज दहापट कमी केली की आवाज १० डेसिबलने उतरतो. म्हणजे १ वॉटला ९०, ०.१ वॉटला ८०, ०.०१ ला ७० आणि ०.००१ ला ६०. दोन माणसं समोरासमोर बसून गप्पा मारतात तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. म्हणजे गप्पांच्या पातळीवर गिटार वाजवायला लागतो किती, तर वॉटचा हजारावा भाग!

"अरे पण पिकचा पहिला टोला जोरात येतो, त्याला वाव नको का?" बरोबर. त्यासाठी २० डेसिबल, म्हणजे शंभरपट वाव ठेवा. तरी ०.१ वॉट झाला. छोटे स्पीकर याहून मंद असतात, त्यांच्यासाठी अजून दहापट धरा. १ वॉट. झालं. इथे १० घेऊ की २० घेऊ की ४० घेऊ म्हणून लोक आठवडेच्या आठवडे जालावर परीक्षणं वाचत बसतात. शिवाय ४० वॉट १० वॉटच्या चौपट मोठा ऐकू येतो असंही नाही. फरक ६ डेसिबलचा, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात.

कायद्याचाही आकडा सांगून ठेवतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. (लग्नाच्या हंगामात बेसा चौकातून डीजेची वरात जाते तेव्हा हा कायदा कुठे रजेवर जातो, ते विचारू नका. खिडकीच्या काचा नाचतात, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तक्रार येते ती गिटारवाल्याची.) असो. पण तक्रार करणाऱ्याची बाजूही खरी असते. आमच्या भागात दहा-पंधरा वर्षांमागे शेतं होती. आता ग्रामपंचायतीची बेसा-पिपळा नगरपंचायत झाली आहे आणि प्रत्येक लेआउटमधे चार-चार मजली स्कीम उभ्या आहेत. मधल्या भिंती चार इंची. वर तान्हं मूल, खाली निवृत्त काका, शेजारी रात्री अमेरिकेच्या वेळेला कॉल घेणारा आपल्याचसारखा कोणी. या सगळ्यांच्या मधे बसून रोज तासभर वाजवायचं आहे.

माझ्या एका मित्राचंच बघा. मनीषनगरला राहतो. त्याला दुकानातल्या पोराने समजावलं की "भाऊ, उद्या स्टेजवर वाजवाल तर? एकदाच मोठा घेऊन टाका." घेतला. ४० वॉटचा, दहा इंची स्पीकरचा धूड. आवाजाचा खटका ० वरून थोडा हलवला की काहीच नाही, केसभर पुढे नेला की अख्खी खोली दणाणते. १ च्या अलीकडेच सगळं जग संपतं. दुसऱ्या आठवड्यात खालच्या काकूंनी त्याच्या आईला विचारलं, "रात्री मिक्सर लावता का हो तुम्ही?" मग त्याने नुसत्या तारांवर, ॲम्प न लावता वाजवायला सुरुवात केली. मग आठवड्यातून दोनदा. मग बंद. चार महिने झाले, ॲम्पवर इस्त्रीचे कपडे असतात. स्टेज अजून आलेलं नाही. आणि समजा आलंच, तर स्टेजवर माइक आणि मोठी ध्वनियंत्रणा असतेच की! तिथे आपल्या ॲम्पने अख्खा हॉल भरायची गरजच नसते. 'उद्या लागेल' म्हणून जास्तीचं घेऊन ठेवायची आपली सवय सॉफ्टवेअरमधे जेवढी महागात पडते तेवढीच इथे.

मग वॉट सोडून बघायचं काय? माझ्या मते पहिलं म्हणजे स्पीकर. इथे आपल्या कानाची एक गंमत आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज मंद होत जातो तसे खर्जातले सूर कानाला मधल्या सुरांपेक्षा खूपच जास्त कमी ऐकू येतात. म्हणजे दुकानात मोठ्याने भरदार वाटलेला ॲम्प घरी हळू लावला की मच्छरासारखा वाजतो, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. जुन्या टेपरेकॉर्डरवर 'लाउडनेस' नावाचं एक बटण असायचं, आठवतं? ते दाबलं की हळू आवाजातही ढोलक ऐकू यायची. ते बटण याच कारणासाठी होतं.

गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा असतो. तीन इंची स्पीकरला तो झेपतच नाही. वरचे स्वरांश ऐकून मेंदू मूळ सूर मनानेच भरून काढतो, तेवढ्यावर काम भागतं, पण अंगठ्याने बेस धरून वाजवणाऱ्याला पोकळ वाटत राहतं. म्हणून तळहातावर मावणारे खेळण्यातले ॲम्प क्लीनसाठी मला पटत नाहीत. पाच ते आठ इंची स्पीकर, किंवा लहान असतील तर दोन, आणि मागे जरा खोली असलेलं खोकं. दहा-बारा इंची स्पीकर आवाजाला उत्तमच, पण तो नीट हलायला लागेपर्यंत शेजारी जागे झालेले असतात.

दुसरं, आवाजाचा खटका. मित्राच्या ॲम्पचं वर सांगितलंच. आवाज ० पासून ३ पर्यंत जाताना हळूहळू चढला पाहिजे. 'गेन' आणि 'मास्टर' असे दोन खटके असतील तर उत्तम. क्लीन हवं असेल तर गेन खाली ठेवायचा आणि मास्टरने आवाज ठरवायचा. काही ॲम्पना वीज कमी करायचं बटण असतं. बॉसच्या कटाना-५० ला ५०, २५ आणि अर्धा वॉट अशा तीन पायऱ्या आहेत. वरच्या हिशेबाने अर्धा वॉटसुद्धा ८७ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे 'अर्धा' शब्दाने फसू नका. पण खटका फिरवायला जागा मिळते, हे महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट कुठल्याच परीक्षणात सापडत नाही, कारण ती परीक्षणं लिहिणारे नागपुरात राहत नाहीत. घरघर. मोठ्या आवाजात ॲम्पची घरघर गाण्याखाली दबते. हळू वाजवताना मात्र दोन सुरांच्या मधल्या शांततेत तीच ऐकू येते, आणि क्लीन वाजवणाऱ्याचं अर्धं संगीत त्या शांततेतच असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सिंगल कॉइल पिकअप म्हणजे या ५० हर्ट्झसाठी लावलेला अँटेनाच. (दोन उलट-सुलट कॉइल जोडून ही घरघर मारायची युक्ती गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली काढली, म्हणून त्या पिकअपला हंबकर म्हणतात.) पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, लॅपटॉपचा चार्जर, स्वस्तातले एलईडी दिवे, हे सगळे त्यात आपापली भर घालतात. गिटार हातात धरून खुर्चीवर जरा गोल फिरून बघा, एका दिशेला घरघर चक्क कमी होते.

आणि त्यात एप्रिल-मे. वीज जाते, इन्व्हर्टर सुरू होतो, आणि इन्व्हर्टर साध्या चौकोनी लाटेचा असला की ॲम्पमधून भुंग्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येतो. शुद्ध साइन लाटेचा इन्व्हर्टर असेल तर हा त्रास जवळजवळ नसतो. आमच्या बिल्डिंगमधे अर्थिंग नावालाच आहे, तारांना हात लावला की घरघर थांबते आणि हात काढला की परत सुरू. तुमच्याकडेही असं होत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही, तारा धातूच्या आहेत आणि त्या तुमच्या बोटांखाली आहेत. कूलरचा करंट किती घरांत बसतो ते दर उन्हाळ्यात पेपरमधे वाचतोच आपण.

या सगळ्यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सेलवर चालणारा ॲम्प. भिंतीशी संबंधच नाही! रोलंडचा मायक्रो क्यूब सहा पेन्सिल सेलवर चालतो. मूळचा २ वॉटचा होता, नंतर आलेला जीएक्स ३ वॉटचा, स्पीकर पाच इंची. त्यात 'जेसी क्लीन' नावाचा एक पर्याय आहे, आणि ते नाव उगीच नाही. रोलंडने १९७५ साली जॅझ कोरस जेसी-१२० हा ॲम्प काढला. १२० वॉट, दोन बारा इंची स्पीकर, आणि क्लीन आवाजासाठी जगभर नाव. तो आवाज पाच इंचांत येतो का? छे! पण आठवण करून देण्याइतका येतो, आणि थोडा रिव्हर्ब टाकला की गाद्या-पडद्यांनी भरलेल्या बेडरूममधलं कोरडेपणही जातं. खऱ्या जेसीचा धाकटा भाऊ जेसी-२२ ही आहे, ३० वॉट, दोन साडेसहा इंची स्पीकर. ज्याचं ईएमआयचं गणित परवानगी देतं त्याने तो जरूर ऐकावा. मी ऐकला, गप्प बसलो आणि दुकानातून बाहेर आलो :-)

दुसरा पर्याय यामाहाच्या टीएचआर मालिकेचा. हा २०११ साली आला आणि २०१९ साली त्याची दुसरी आवृत्ती. कंपनीने सरळ सांगितलं की स्टेजचा ॲम्प वेगळा, सरावाचा वेगळा, आणि हा तिसरा, बैठकीच्या खोलीत ठेवायचा. स्पीकर फक्त आठ-आठ सेंटिमीटरचे, पण दोन. आणि कमी आवाजात ऐकायलाच आखलेला असल्यामुळे माझ्या वर म्हटलेल्या स्पीकरच्या नियमाला हा सन्माननीय अपवाद आहे. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला की गाणी ऐकायचा स्पीकर म्हणूनही चालतो, म्हणजे घरात "अजून एक खोकं?" या प्रश्नाला उत्तर तयार.

व्हॉल्व्हवाल्यांची माफी मागून: बेडरूमसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प घेऊ नका. फेंडरचा जुना चॅम्प फक्त ५ वॉटचा, आठ इंची स्पीकरचा, आणि तो फ्लॅटमधे पुरेसा वर नेला तर सोसायटीची तातडीची सभा भरेल. व्हॉल्व्हची जी ऊब म्हणतात तिच्यातली बरीचशी ॲम्प जोरात लावल्यावर येते. मंद आवाजात आपण त्या उबेचे पैसे देतो आणि तिला ऐकत नाही.

दोन उपप्रश्न मला नेहमी येतात. एक, "घरात ब्लूटूथ स्पीकर आहे, त्यालाच नाही का जोडता येणार?" नाही. साध्या ब्लूटूथमधे आवाज सहसा १०० ते २०० मिलीसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलीसेकंदांची. म्हणजे तुम्ही तार छेडली आणि पाव-अर्ध्या मात्रेने सूर आला. सिनेमात ओठ आणि आवाज मागेपुढे झाल्यावर जसं होतं तसं बोटांचं होतं. होम थिएटरच्या ऑक्स-इनला तारेने जोडलं तर उशीर जातो, पण गिटारच्या पिकअपला साधारण एक मेगाओहमचं इनपुट लागतं आणि ऑक्सचं त्याच्या कितीतरी खाली असतं, त्यामुळे आवाज गोधडीखालून आल्यासारखा मळकट.

दुसरा प्रश्न हेडफोनचा. व्हॉक्सचा ॲम्पप्लग आहे, २०२१ पासून फेंडरचा मस्टँग मायक्रो आहे, गिटारमधेच खुपसायचा आणि कानात वाजवायचं. शेजाऱ्यांचा प्रश्नच मिटला. ज्याच्या घरात खरंच दुसरा इलाज नाही, रात्री बारानंतरच वेळ मिळतो, त्याने हेच घ्यावं. मला मात्र नको. दिवसाचे आठ तास कानात हेडसेट असतो, "कॅन यू हिअर मी" म्हणून घसा बसतो, रात्री परत तेच कानात कोंबायचं? आणि एक गोष्ट हेडफोनमधे कधीच होत नाही. स्वयंपाकघरातून आवाज येत नाही की "ते कालचं वाजव ना, शेवटचं." माझी मुलगी चार वर्षांची आहे, अर्धवट झोपेत ती दोन गाणी सुरांवरून ओळखते. घरात गिटार असून घरच्यांनी ती ऐकलीच नसेल, तर ती कपाटात असती तरी घराला फरक पडला नसता. कमी आवाजातल्या चांगल्या ॲम्पसाठी माझा जो काही हट्ट आहे, तो या दोन गाण्यांपायी आहे.

दुकानात काय करायचं ते सांगतो. आपली गिटार घेऊन जा, तिथली महागडी वाजवून फसू नका. दुकानदाराला एसी आणि गाणी बंद करायला सांगा (तोंड वाकडं करेल, करू द्या). गेन खाली, ट्रेबल-बेस मधे. आवाज इतकाच ठेवा की त्याच्याशी वर न ओरडता बोलता यावं. जाड तार मोकळी छेडा, ती विझेपर्यंत ऐका, शेवटी खरखर झाली तर ॲम्प परत. मग एक पूर्ण कॉर्ड सावकाश वरून खाली, सहा तारा मोजा. मग तारांवर हात ठेवून नुसती शांतता ऐका, दहा सेकंद. मग खटका ० ते २ च्या मधे फिरवून बघा. तो पोरगा लगेच म्हणेल, "भाऊ, आवाज वाढवून बघा ना, मजा येईल." नम्रपणे नाही म्हणा. घरी ती मजा कधीच घेता येणार नाहीये.

घरी आणल्यावर तो फरशीवर ठेवू नका. स्लॅबमधून खर्ज थेट खालच्या मजल्यावर उतरतो, मित्राच्या काकूंचा मिक्सर तो हाच. लाकडी स्टुलावर, खाली घडी घातलेली सतरंजी, आणि तोंड आपल्या कानाकडे. कान आणि स्पीकर हातभर अंतरावर आले की आवाज आणखी खाली आणता येतो. मात्र उन्हाळ्यातलं मंद आणि हिवाळ्यातलं मंद यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो हे ध्यानात ठेवा. मे महिन्यात कूलर घोंगावत असतो, खटका आपोआप ३ वर जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही. दिवाळीनंतर कूलर झाकून ठेवला की पहिल्या रात्री तोच ३ घरभर घुमतो. डिसेंबरात आमच्याकडे रात्री दहानंतर इतकं शांत असतं की खापरीकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येतो, तेव्हा १ सुद्धा पुरतो.

तारा कोणत्या जाडीच्या लावाव्यात यानेही क्लीन आवाजात बराच फरक पडतो, पण त्याबद्दल पुढच्या शनिवारी.